आईच्या मसाल्याची वेबसाइट, लॅमिंग्टन रोडचा मिनी पीसी आणि इन्कस, सव्वा वर्षाचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच वळतील. घरी एखादा जुना छोटा पीसी चोवीस तास चालू ठेवून त्यावर स्वतःच्या दोन-चार वेबसाइट, फोटोंचा बॅकअप, हिशोबाचं सॉफ्टवेअर असं काही चालवायचं असेल तर इन्कस हे एकाच मशीनवर अनेक वेगळ्या लिनक्स सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर मस्त आहे, फुकट आहे, आणि सव्वा वर्षात त्याने मला एकदाही दगा दिला नाही. पण नेटवर्क अडलं की ते स्वतःहून काही बोलत नाही, आणि तेव्हा ओळखीत चार जाणकार माणसं असली तरच निभावतं. माझं कसं निभावलं तेच जास्त लिहिणार आहे, कारण इन्स्टॉल कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ आहेत.

आम्ही लालबागचे. आई पंधरा-सोळा वर्षं ऑर्डरप्रमाणे मसाले करून देते, मालवणी, गोडा, आगरी. मिरची गल्लीतून बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी निवडून आणायची, गच्चीवर कडक ऊन दाखवायचं, खडे मसाले घरी भाजायचे आणि मग डंकावर कुटून घ्यायचं. सीझन म्हणजे मार्च ते मे, पाऊस आला की संपलं. आधी सगळं फोनवर चालायचं, मग मी एक साधी वेबसाइट करून दिली, भाव, फोटो, किती किलो पाहिजे, तिखट किती पाहिजे आणि कुठे पोचवायचं एवढाच फॉर्म. ती एका होस्टिंगवर होती, पण दरवर्षी रिन्यूअलचे पैसे वाढायचे आणि हातात काहीच नसायचं, म्हणून म्हटलं आता घरीच चालवूया.

मशीन लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून कुणालाही लॅमिंग्टन रोड विचारा. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला मिनी पीसी, सहाव्या पिढीचा आय ५, रॅम १६ जीबी, डिस्क २५६ जीबी, साडेअकरा हजारांना. दुकानदाराने चालू करून दाखवला, पंखा खरखर करत होता तो बदलून दिला, बिल दिलं. नुसता चालू असताना १५ वॅटच्या आसपास खातो म्हणजे महिन्याला अकरा युनिट, बेस्टच्या बिलात आईला फरक जाणवला नाही आणि आई बिल ओळ न् ओळ वाचते.

त्यावर डेबियन १३ ही लिनक्स सिस्टीम आणि इन्कस ६.०. डेबियनच्या स्वतःच्या भांडारातच आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रत्येकाचा वेगळा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, असतो, कंटेनरमध्ये कर्नल सगळ्यांचा एकच, होस्टचा म्हणजे मूळ मशीनचा, फक्त प्रत्येकाला आपापली खोली दिलेली असते, प्रोसेस वेगळ्या, फाइल वेगळ्या, नेटवर्क वेगळं. डॉकर या दुसऱ्या कंटेनर सॉफ्टवेअरमध्ये शक्यतो एका कंटेनरात एकच काम, इन्कसच्या कंटेनरात अख्खी सिस्टीम, आत शिरलं की एखाद्या वेगळ्या सर्व्हरवर बसल्यासारखं वाटतं, अपडेट मारा, सर्व्हिस रिस्टार्ट करा, सगळं नेहमीसारखं. आणि आतला रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, हा बाहेर होस्टवर रूट नसतो, त्याचा नंबर दहा लाखांच्या पुढचा असतो, म्हणजे आत कुणी शिरला तरी बाहेरच्या फाइलींवर त्याचा हक्क नाही. मला हे फार आवडलं, कारण त्याच पीसीवर घरचे फोटोही आहेत.

नावाचा घोळ बऱ्याच जणांचा होतो म्हणून तेही सांगतो. मुळात एलएक्ससी, लिनक्सवर कंटेनर चालवायचं साधन, ते २००८ पासूनचं. त्यावर उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी बांधलं. जुलै २०२३ मध्ये कॅनॉनिकलने एलएक्सडी लिनक्स कंटेनर्स प्रोजेक्टमधून काढून स्वतःकडे घेतलं, आणि लगेच ऑगस्टमध्ये अलेक्सा सराईंनी त्याचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी आवृत्ती, काढला, तो इन्कस. तो पुन्हा लिनक्स कंटेनर्सच्या छताखाली आला आणि एलएक्सडी वर्षानुवर्षं सांभाळणारे स्टेफान ग्रेबरही इकडेच आले. एप्रिल २०२४ मध्ये ६.० आलं, त्याला २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. माझ्यासारख्याला हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण दरवर्षी सगळं उलटंपालटं करायला मला वेळ नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या घरच्या इंटरनेटला स्वतःचा पब्लिक पत्ता नाही. राउटरवर बघितलं तर १०० डॉट ६४ ने सुरू होणारा पत्ता, म्हणजे कंपनीने अनेक घरं एकाच पत्त्यामागे बसवलीत, बाहेरून आत यायला दारच नाही. त्यावर उपाय ठरलेला, बाहेर एक स्वस्त व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा छोटा सर्व्हर, घ्यायचा आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे कुलूपबंद खासगी जोडणी, टाकायचा. सुरुवातीला मी व्हीपीएसवर एनजिनएक्स हा वेबसर्व्हर ठेवून तिथेच एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लावलं होतं, तो ग्राहकाशी बोलायचा आणि मग बोगद्यातून घरच्या कंटेनरशी. मस्त चालू होतं. पण कंटेनरच्या लॉगमध्ये सगळे ग्राहक बोगद्याच्या एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसायचे, आणि फॉर्मवर खोट्या ऑर्डरी टाकणारे येऊ लागले त्यांना अडवायचं तर खरा पत्ता पाहिजे. शिवाय सर्टिफिकेटची किल्ली भाड्याच्या मशीनवर ठेवणं मनाला पटत नव्हतं. म्हणून फेब्रुवारीअखेर एका रविवारी व्हीपीएसवरचा एनजिनएक्स काढला, वेबसाइटचे ८० आणि ४४३ पोर्ट जसेच्या तसे बोगद्यातून कंटेनरकडे वळवले, कंटेनरचा परतीचा रस्ताही बोगद्यातूनच लावला. मोबाइलवर उघडून बघितलं, फटकन उघडलं. झोपलो.

मंगळवारी आई म्हणाली, "अरे, दादरच्या काकूंचं पान उघडत नाहीये, नुसतं गोल फिरतंय म्हणतात." मी माझ्या मोबाइलवर बघितलं, उघडतंय. त्यांना म्हटलं, फोन बंद करून चालू करा. बुधवारी गिरगावहून एक फोन, मग विलेपार्ल्याहून. आणि काही जणांच्या ऑर्डरी मात्र व्यवस्थित येत होत्या. मार्चचा पहिला आठवडा, आईने मिरच्या घेऊन ठेवलेल्या, आणि रोजच्या सात-आठ ऑर्डरी तीनवर आल्या. आई मला काही बोलली नाही, पण वहीत जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर शोधून एकेकीला फोन करत बसलेली बघितली तेव्हा फार वाईट वाटलं.

मी तीन रात्री काय काय केलं ते सांगून उपयोग नाही, कंटेनरमधला एनजिनएक्स रिस्टार्ट, कंटेनर रिस्टार्ट, शेवटी नवीन कंटेनर करून साइट त्यात हलवली. इथे इन्कसच्या स्नॅपशॉटला पैकीच्या पैकी मार्क, प्रत्येक प्रयोगाआधी एक स्नॅपशॉट, बिघडलं की काही सेकंदांत मागे. पण दुखणं तिथे नव्हतंच.

मग मी आमच्या लिनक्सवाल्या ग्रुपकडे गेलो. मुंबई-ठाण्यातली पंचवीस-तीस माणसं आहेत, महिन्यातून एका शनिवारी भेटतात, कुणी नोकरीवाले, कुणी इंजिनीअरिंगची पोरं, दोन-तीन रिटायर्ड काका. मी आधी फक्त मागे बसून ऐकायचो. शनिवारी लॅपटॉप घेऊन गेलो आणि म्हटलं, वेबसाइट कधी उघडते कधी नाही.

पहिला प्रश्न ठाण्याच्या एका दादाचा, त्याच मशीनवर डॉकर आहे का? हा प्रश्न बरोबर होता, कारण डॉकर सुरू झालं की ते होस्टच्या फायरवॉलमधली फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉपवर नेतं, म्हणजे इकडून तिकडे जाणारं टाकून देतं, आणि मग शेजारच्या इन्कसच्या ब्रिजवरचे, म्हणजे कंटेनरांना जोडणाऱ्या आभासी नेटवर्कवरचे, कंटेनर बाहेर जाऊच शकत नाहीत. तुमच्या कंटेनरांना इंटरनेट अजिबातच मिळत नसेल तर आधी हेच बघा. माझ्याकडे डॉकर नव्हतं. दुसरा प्रश्न, साइटला आयपीव्ही ६ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, पत्ता दिलाय का, कारण तो चुकीचा असला तरी काहींना उघडतं काहींना नाही असंच होतं. तोही दिलेला नव्हता.

बोरिवलीच्या एक ताई आहेत, नेटवर्कमध्येच काम करतात. त्या इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "उघडत नाही असं सांगू नकोस. कुठपर्यंत उघडतं ते सांग." मला कळलंच नाही. त्यांनी विचारलं, पत्त्यात एस नसलेलं एचटीटीपी टाकलं तर ते बदलून एचटीटीपीएस होतं का? मी तिथूनच दादरच्या काकूंना फोन लावला, त्यांनी बघून सांगितलं, हो, कुलपाचं चित्र येणाऱ्या पत्त्यावर जातं आणि मग फिरत बसतं. ताईंनी पुढचा प्रश्न, काकू घरच्या वायफायवर आहेत का? हो. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा म्हणावं. काकू म्हणाल्या, "अगोबाई, उघडलं की!"

ताई म्हणाल्या, एमटीयू.

आता हे नीट समजावतो, कारण मला कुणी असं समजावलं असतं तर आईचा एक आठवडा वाचला असता. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्यावर एका पॅकेटाची, म्हणजे डेटाच्या एका गठ्ठ्याची, कमाल साइज ठरलेली असते, तो एमटीयू. साध्या इथरनेटवर १५०० बाइट. घरोघरी पीपीपीओईवालं, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडलं जाणारं, ब्रॉडबँड असतं तिथे १४९२. आणि वायरगार्डच्या बोगद्यात १४२०, कारण प्रत्येक पॅकेटावर त्याला स्वतःचं वेष्टण चढवायचं असतं, आयपीव्ही ४ वरून ६० बाइट, ६ वरून ८०, आणि १५०० मधून ८० गेले की १४२०. कनेक्शन सुरू होतानाच दोन्ही बाजू एकमेकांना सांगतात की एका पॅकेटात मला जास्तीत जास्त एवढा माल द्या, त्याला एमएसएस म्हणतात. काकूंच्या वायफायवरून येणारा आकडा होता १४५२, त्यात ४० बाइटचं हेडर धरलं की पॅकेट १४९२ चं. माझ्या मोबाइल डेटावरून आकडा होता १३६०, म्हणजे पॅकेट १४०० चं. बोगदा १४२० चा. मोबाइलवाल्यांचं पॅकेट आरामात जातं, वायफायवाल्यांचं अडकतं.

फ्लायओव्हरच्या तोंडाशी लोखंडी हाइट बॅरियर असतो ना, तसंच. उंच टेम्पो आला की तो अडवायचा आणि ज्याने पाठवला त्याला चिठ्ठी द्यायची, बाबा माल कमी उंचीचा भर. ही चिठ्ठी म्हणजे आयसीएमपीचा, नेटवर्कच्या निरोपांच्या पद्धतीचा, एक मेसेज, फ्रॅगमेंटेशन नीडेड, टाइप ३ कोड ४. माझा होस्ट ती चिठ्ठी इमानदारीत कंटेनरला पाठवत होता. पण कंटेनरच्या आत मी फायरवॉलचे काही नियम टाकलेले, सुरक्षेसाठी म्हणून कुठूनतरी घेतलेले, त्यात सगळ्यात वर लिहिलेलं की आयसीएमपीमध्ये फक्त पिंगची, म्हणजे पोच तपासणाऱ्या मेसेजची, ये-जा चालू, बाकी सगळं टाकून द्या. चिठ्ठी दारातच फाडली जात होती. एनजिनएक्स बिचारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता.

एस नसलेल्या पानाचं उत्तर छोटं असतं, दुसऱ्या पत्त्यावर जा एवढंच, ते मावतं. एचटीटीपीएसमध्ये मात्र सर्व्हर सुरुवातीलाच सर्टिफिकेट पाठवतो, ते दोन-तीन हजार बाइटचं, पहिलंच पॅकेट तुडुंब भरलेलं, आणि तिथेच गाडी अडते. ताईंचा पहिला प्रश्न याच्यासाठी होता.

पण त्यांनी आम्हाला अंदाजावर थांबू दिलं नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटलं. तिथेच बसून सिद्ध करायला लावलं. एका काकांनी घरच्या मशीनवर टीसीपीडम्प, येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, दोन ठिकाणी लावायला सांगितला, एक इन्कसच्या ब्रिजवर आणि एक वायरगार्डवर. ब्रिजवर १४९२ चं पॅकेट चार वेळा दिसलं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त वेळाने. वायरगार्डवर एकदाही नाही. मग तुकडे न करण्याची अट घालून कंटेनरमधून व्हीपीएसला पिंग, १३९२ बाइटचं जातंय, १३९३ चं गायब, काही एरर नाही, काही नाही. १३९२ मध्ये हेडरचे २८ मिळवा, बरोब्बर १४२०. तेच पिंग होस्टवरून मारलं तर लगेच उत्तर, मेसेज फार मोठा, एमटीयू १४२०. म्हणजे होस्टला माहीत होतं, कंटेनरला कळत नव्हतं. आणि आधी सगळं का चालत होतं तेही उलगडलं, तेव्हा बोगद्यातून बोलणारा व्हीपीएस स्वतःच होता, त्याला स्वतःच्या बोगद्याची उंची ठाऊक असल्यामुळे तो आकडा आधीच कमी सांगायचा.

दुरुस्ती पाच मिनिटांची. कंटेनरच्या फायरवॉलमधली ती ओळ काढून कोड ४ वाला मेसेज आत येऊ दिला. इन्कसच्या नेटवर्कला ब्रिज डॉट एमटीयू नावाची सेटिंग आहे, ती १४२० केली आणि कंटेनर रिस्टार्ट केले. आणि होस्टवर एनएफटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या फायरवॉलमध्ये, एक नियम, जाणाऱ्या-येणाऱ्या सिन, म्हणजे कनेक्शन सुरू करणाऱ्या, पॅकेटातला एमएसएस रस्त्याच्या एमटीयूप्रमाणे बसवणारा. यातलं एक केलं तरी चाललं असतं. एका पोराने सुचवलं होतं की कर्नलमधलं एमटीयू प्रोबिंग चालू करा, मग चिठ्ठी न मिळताही तो स्वतः साइज कमी करून बघतो. ताई म्हणाल्या, चालेल, पण मग चिठ्ठी फाडणारी ओळ तशीच राहील आणि पुढच्या वेळी दुसरंच काहीतरी अडेल. मला त्यांचं पटलं.

संध्याकाळी दादरच्या काकूंनी वायफायवरून दोन किलो मालवणी आणि अर्धा किलो गोडा मसाला टाकला. आईने त्यातला पाव किलो बाजूला काढून ठेवलाय, पुढच्या मीटिंगला बोरिवलीच्या ताईंसाठी न्यायला.

आता इन्कसबद्दल तक्रारी, कारण नुसतं कौतुक करून उपयोग नाही. पहिली, नव्या ब्रिजला १५०० मिळतो आणि पुढे कुठला बोगदा आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तांत्रिकदृष्ट्या त्याची चूक नाही, पण नव्या माणसाला कुठेही लाल दिवा दिसत नाही, कंटेनर रनिंग, नेटवर्क क्रिएटेड, सगळं हिरवं, आणि गिऱ्हाईक मात्र बाहेर ताटकळतंय. दुसरी, इन्कस-ॲडमिन ग्रुपमध्ये कुणाला टाकलं की तो माणूस व्यवहारात रूटच झाला. घरात भावाचंही लॉगिन असेल तर त्याला साधा इन्कस ग्रुप द्या, ॲडमिनवाला नको. तिसरी, स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात. डिस्क गेली की तेही गेले. त्याला बॅकअप समजू नका, मी दर रविवारी एक्सपोर्ट करून बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवतो.

कमांड लाइनची ज्यांना भीती वाटते त्यांना सुरुवातीचे पंधरा दिवस जड जातील. आणि ज्यांना एखादं तयार डॉकर इमेज उचलून फक्त चालवायचंय त्यांनी डॉकरच घ्यावं, उगाच इकडे येऊ नये. पण आख्खी सिस्टीम स्वतःच्या हाताने सांभाळायची हौस असेल तर इन्कसइतकं सुटसुटीत मी दुसरं वापरलेलं नाही. माझ्याकडे आता आठ कंटेनर आहेत आणि १६ जीबी रॅममधली अजून अर्ध्याहून जास्त मोकळी आहे.

मार्क द्यायचे तर सॉफ्टवेअरला पाचपैकी साडेचार, मिनी पीसीला चार, आणि त्या शनिवारच्या टेबलाला पाच. तुमच्या भागात असा ग्रुप असेल तर अडचण यायच्या आधीच जायला लागा. आणि मदत मागायला जाताना तीन गोष्टी सोबत न्या, काय बदललं आणि कधी, कुणाला उघडतं आणि कुणाला नाही, आणि नेमकं कुठपर्यंत पोचतं. मी पहिली गोष्ट सांगितलीच नव्हती, व्हीपीएसवरचा एनजिनएक्स काढल्याचं अर्ध्या तासाने बोललो, तोपर्यंत बाकीचे डॉकर आणि आयपीव्ही ६ शोधत बसले.

साइटला आयपीव्ही ६ चा पत्ता द्यायचं अजून बाकी आहे. तिथे मधले राउटर पॅकेटाचे तुकडे करतच नाहीत, सगळी मदार त्या चिठ्ठीवरच असते, त्यामुळे आयसीएमपी अडवलं की जास्तच लागतं. फायरवॉलची फाइल आधी ताईंना दाखवून घेणार आहे. पण ते जूनमध्ये, मसाल्याचा सीझन उरकला की, तोपर्यंत त्या कंटेनरला मी हात लावणार नाही.